टूर्निके, तू सुटल्यानंतरचा अर्धा तास

प्रिय टूर्निके,



ऑपरेशन थिएटरमध्ये तुझं नाव रोज घेतलं जातं, पण ते तू रक्त थांबवायला हातापायाला बांधलेला असतोस तेवढाच वेळ. प्रेशर किती ठेवलं, किती वाजता फुगवला, तास झाला का, सर्जनना अजून किती वेळ लागेल, हेच प्रश्न. तुला सोडलं की तुझा विषय संपतो. नळी गुंडाळली जाते, कफ पुसून ठेवला जातो आणि सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे, ड्रेसिंगकडे, पुढच्या केसकडे वळतं. मी भूलतज्ज्ञ आहे. तू सुटल्यावरही पेशंटच्या उशाशी उभं राहणं हे माझं कामच आहे. तिथून इतकी वर्षं जे दिसत आलंय, त्यावरून माझं ठाम मत झालंय की तू बांधलेला असतानाच्या वेळेइतकाच तू सुटल्यानंतरचा अर्धा तास मोलाचा आहे, आणि त्या अर्ध्या तासाचं मर्म रक्ताची गुठळी विरघळण्यात आहे. म्हणून हे पत्र. उघड अशासाठी लिहिते, की गुडघा बदलायचं ठरवलेल्या कुणाच्याही घरी ते वाचता यावं.

तुझा धाकटा भाऊ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रक्त तपासायला गेलं की दंडाला करकचून बांधतात तो रबरी पट्टा. तो फक्त शिरा दाबतो, धमनीतून रक्त आत येतच राहतं, म्हणून शीर फुगून वर येते. तोही मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नये असं लॅबमध्ये शिकवतात, कारण अडकलेल्या रक्तातले घटक तेवढ्यातच बदलायला लागतात. तू मात्र धमनीच बंद करतोस. मांडीवर तू फुगलास की खाली रक्त जाणंही नाही आणि येणंही नाही.

तुझं घराणं जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात साप चावल्यावर दंशाच्या वर चार अंगुळं सोडून बांधायला सांगितलंय, त्याला अरिष्टाबंधन म्हटलंय. युरोपात हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांनी तुला घडवलं. पॅरिसच्या झाँ लुई पेती या सर्जनने 1718 साली स्क्रू फिरवून आवळता येईल असं तुझं रूप आणलं. जर्मनीत कील इथल्या फ्रीडरिश फॉन एस्मार्कने 1873 मध्ये रबराची लांब पट्टी बोटांपासून वर गुंडाळत नेऊन पायातलं रक्त आधी वर ढकलायची युक्ती मांडली. त्याची पट्टी आजही आपल्याकडे छोट्या गावातल्या ऑर्थोपेडिक हॉस्पिटलपर्यंत पोचलेली आहे. आणि हवेने फुगणारा, मीटरवर आकडा दाखवणारा आजचा तू आलास 1904 साली, हार्वे कुशिंगकडून. इटलीत त्याने रिव्हा-रोचीचं रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं होतं, त्याच कफची ती पुढची पायरी. रक्त जाणं थांबावं आणि कोरडं, स्वच्छ दिसणारं क्षेत्र मिळावं एवढीच या सर्जनांची इच्छा होती. तुटलेला स्नायुबंध शिवताना, तळहातातली केसाएवढी नस जोडताना ते क्षेत्र किती गरजेचं असतं हे मी पाहिलंय, त्यामुळे तुझ्याविरुद्ध तक्रार करायला मी बसलेली नाही.

आता मुद्द्याचं. रक्त गोठतं हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. गोठलेलं रक्त पुन्हा विरघळवायची व्यवस्थाही शरीरात तितकीच पक्की आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं. जाळं विणलं जात असतानाच त्यात प्लाझ्मिनोजेन नावाचं, यकृतात तयार झालेलं प्रथिन निपचित अडकून राहतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून टी-पीए नावाचा पदार्थ सुटला की तो या प्लाझ्मिनोजेनला जागं करतो, त्याचं प्लाझ्मिन होतं आणि प्लाझ्मिन त्याच जाळ्याचे धागे कापत सुटतं. कापलेल्या धाग्यांचे तुकडे रक्तात सापडतात. कोविडच्या काळात घरोघरी ज्याचे रिपोर्ट फिरत होते, तो डी-डायमर म्हणजे हेच तुकडे. एका हाताने विणायचं आणि दुसऱ्या हाताने उसवायचं, असं हे काम आपल्या अंगात अखंड चालू असतं. प्लाझ्मिन वाहत्या रक्तात मोकाट सुटू नये म्हणून त्याला क्षणार्धात निकामी करणारं प्रथिनही रक्तात हजर असतं, आणि टी-पीएला आवर घालायला पीएआय-1 नावाचं आणखी एक. हे सगळं तोलून धरलेलं असतं, आणि तू त्या तोलावरच हात ठेवतोस.

तू फुगलास की पायाच्या अंगठ्याला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरची रेघ सपाट होते. खाली उरलेला थोडा प्राणवायू पेशी पाहता पाहता संपवतात. मग त्या प्राणवायूविना काम चालवतात, लॅक्टिक आम्ल साचतं, रक्ताची आम्लता वाढत जाते. तुझ्याखालच्या सगळ्या केशवाहिन्यांच्या, शिरांच्या अस्तराला या घुसमटीचा सुगावा लागतो आणि ते आपल्याजवळचा टी-पीएचा साठा बाहेर सोडायला लागतं. मला या गोष्टीचं नेहमी अप्रूप वाटतं. रक्त थांबलंय, म्हणजे गोठण्याची भीती आहे, हे ओळखून अस्तर ते आधीच पातळ राखायच्या तयारीला लागतं. अस्तर निरोगी असेल तर तासाभरातही तुझ्याखालचं रक्त सहसा गोठून बसत नाही, त्याचं बरंच श्रेय या तयारीला आहे.

ही तयारी मोजताही येते. दंडाला रक्तदाबाचा कफ बांधायचा, वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध दाब ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग रक्त घ्यायचं. बांधण्याआधीच्या रक्ताशी तुलना केली की त्या माणसाचं अस्तर किती टी-पीए सोडू शकतं ते कळतं. या विषयावर स्वीडनमधल्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाभूत काम केलं. त्यातूनच एक गोष्ट पुढे आली. पायाच्या शिरांची गुठळी विरघळवायची ताकद हाताच्या शिरांपेक्षा बरीच कमी असते. ज्या पायात रक्त अधिक साकळतं, जिथे गुठळ्या अधिक होतात, तिथेच हे बळ तोकडं. म्हणून हाताच्या ऑपरेशनला ज्या निर्धास्तपणे तू लावला जातोस, ती बेफिकिरी मांडीवर चालत नाही.

आता तो क्षण. गुडघ्याचं ऑपरेशन संपत आलेलं असतं. सर्जन सांगतात, “टूर्निके डाऊन.” सिस्टर मशीनचं बटण दाबते, हवा फस्स करत बाहेर पडते, घड्याळ पाहून वेळ लिहिली जाते. पांढराफटक पाय आधी डागाडागांनी आणि मग सगळा गुलाबी, नंतर लालसर होतो. बोटं गरम लागतात. माझ्या मॉनिटरवर पहिल्याच मिनिटात उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढायला लागतो, रक्तदाब खाली येतो. पायात साचलेलं सगळं एकदम हृदयाकडे निघालेलं असतं, आम्लता, पोटॅशियम, आणि त्यांच्याबरोबर पायाच्या अस्तराने सोडलेला टी-पीएसुद्धा.

त्यानंतरची पंधरा मिनिटं रक्ताची उसवण्याची बाजू जोरात असते. टी-पीए रक्तात फार टिकत नाही. यकृत तो झपाट्याने काढून टाकतं, दर पाचएक मिनिटांनी त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे हा जोर पंधरा मिनिटांच्या सुमाराला शिगेला पोचतो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतो. पण नेमक्या याच अर्ध्या तासात कापलेल्या हाडाच्या तोंडांवर, स्नायूंच्या कडांवर नव्या गुठळ्या बसत असतात. त्या कोवळ्या असतात. जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनची बाटली या वेळात झरझर भरताना दिसली की नातेवाइकांना, आणि कधी कधी शिकाऊ डॉक्टरांनाही, वाटतं की काहीतरी कापलं गेलं. कापलं गेलेलंही असू शकतं, ते आधी पाहायलाच हवं. पण पुष्कळदा कारण तिहेरी असतं. तुझ्यामुळे बंद असलेली बारीक तोंडं उघडलेली असतात, उपाशी राहिलेल्या पायात नेहमीपेक्षा जास्त रक्त धावलेलं असतं, आणि गुठळ्या विरघळायचा वेगही वाढलेला असतो. यातलं तिसरं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते विसरलं जातं.

टाके घालण्याआधी तुला सोडायचं, रक्तस्राव शोधून थांबवायचा आणि मग जखम बंद करायची, की जखम बंद करून, दाबून पट्टी बांधून मग सोडायचं, यावर सर्जनांत जुना वाद आहे. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच, की आधी सोडलं तर सोडल्याबरोबर घाईने टाक्यांना लागू नये. पायाला थोडा वेळ द्यावा, गरम ओला पॅक दाबून धरावा, आणि पुन्हा पाहावं.

या पंधरा मिनिटांवर औषध आहे आणि ते जपानने दिलंय. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी 1962 साली ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडचं काम प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात, ते थांबावं ही उताकोबाईंची तळमळ होती. आपल्याकडे पाळीत फार रक्त जात असेल तर याच गोळ्या लिहून देतात, त्यामुळे नाव अनेकींच्या ओळखीचं असेल. फायब्रिनच्या धाग्याला धरायला प्लाझ्मिनोजेनकडे जी जागा असते, ती हे औषध आधीच व्यापून टाकतं. मग प्लाझ्मिनोजेनला धागाच पकडता येत नाही आणि कोवळी गुठळी वाचते. सांधा बदलताना हे इंजेक्शन दिल्याने रक्त द्यायची गरज लक्षणीय कमी झाली आहे. पण इथेही वेळ तूच ठरवतोस. तू फुगल्यानंतर शिरेतून दिलेलं कोणतंही औषध तुझ्याखाली पोचत नाही. अँटिबायोटिक असो की ट्रानेक्झामिक, तुझ्याखाली पोचायला हवं असेल तर ते तू फुगण्याआधी रक्तात गेलेलं असायला हवं, तेही काही मिनिटं आधी. ऐन घाईत सर्जन “फुगवा” म्हणतात आणि इंजेक्शन अजून ट्रेमध्येच असतं, तेव्हा मी हात वर करून थांबा म्हणते. सगळ्यांनी म्हणावं.

आता दुसरी बाजू. ही उसवण्याची लाट ओसरली की शरीर उलट टोकाला जातं. ऑपरेशनच्या धक्क्याने पीएआय-1 वाढतं, टी-पीएला वेसण बसते आणि विरघळवायची व्यवस्था जवळपास बंद पडते. हे बव्हंशी शस्त्रक्रियेमुळे होतं, एकट्या तुझ्यामुळे नव्हे. पण तू बांधलेला असताना शिरांत रक्त थांबलेलं असतं, कापलेल्या ऊतींतून गोठण्याला चालना देणारे पदार्थ सुटलेले असतात, तुझ्या दाबाची वेदना अंगातली ताणाची संप्रेरकं वाढवते आणि ती रक्तबिंबिकांना चिकट बनवतात. पिंडरीतली गुठळी या काळात धरते. म्हणजे त्याच पेशंटला आज रक्त जाण्याची चिंता आणि उद्या रक्त गोठण्याची. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट येऊन “चला, उभे राहा” म्हणते, पोटात टोचायचं एनोक्झापॅरिन किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी चालू होते, पाय दाबणारा पंप लावतात, त्याचं कारण हे आहे. घरच्यांना ते क्रूरपणाचं वाटतं, “अजून टाकेही वाळले नाहीत आणि चालवताय?” असं विचारतात. माझं उत्तर एकच असतं, की पडून राहिलेला पाय स्वतःच्या गुठळ्या विरघळवण्यात आधीच दुबळा असतो.

सगळ्यात भीती वाटते ती जुन्या गुठळीची. अपघातात पाय मोडलाय, आठवडाभर स्लॅबमध्ये पडून आहे, पिंडरी सुजलीय, आणि मग ऑपरेशनला आणलाय. अशा पायाला एस्मार्कची पट्टी खालून वर आवळत नेली तर शिरेत बसलेली गुठळी ढकलली जाऊन थेट फुप्फुसात जाऊ शकते. टेबलावर माणूस गेल्याच्या घटना जगभरच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. अशा वेळी पट्टी न आवळता नुसता पाय उंच धरून रक्त उतरवावं, आणि शंका असेल तर आधी डॉप्लर करून शिरा पाहाव्यात. डॉप्लरचा खर्च आणि तासाभराचा उशीर मला नेहमीच परवडणारा वाटत आलाय.

गुडघा बदलताना तू लागतोसच का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातोय. 2020 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 41 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. तू लावलेल्यांना पहिल्या दिवशी वेदना जास्त होत्या, आणि गंभीर गुंतागुंत शंभरात साधारण तिघांऐवजी साधारण सहा जणांना झाली. पायाला काही कायमचा फायदा झालेला दिसला नाही. हे वाचल्यावर काही सर्जनांनी तुला गुडघ्यातून रजा दिली, काही जण फक्त नवा सांधा हाडाला धरून ठेवणारं सिमेंट बसवतानाच फुगवतात. मला दुसरी पद्धत पटते. सिमेंट हाडात मुरताना कोरडं हाड हवं, बाकीच्या वेळात ट्रानेक्झामिक, नीट कॉटरी आणि शांत रक्तदाब यांवर काम भागतं. हाताच्या बारीक शस्त्रक्रियांत मात्र तू अजून पुष्कळदा लागतोसच.

महाराष्ट्रात तुझ्याबाबतीत आणखी दोन गोष्टी जपायला हव्यात. पहिली सिकलसेलची. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत हा आजार बऱ्याच घरांत आढळतो. या आजारात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त झाली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. तू नेमकी तीच परिस्थिती निर्माण करतोस. तिकडच्या पेशंटला तुला लावण्याआधी सिकलची तपासणी झालीच पाहिजे. ती स्वस्त आहे आणि बहुतेक सरकारी दवाखान्यांत होते.

दुसरी तुझ्या रानातल्या अवताराची. साप चावला की अजूनही रुमाल, सुतळी, नाडा, हाताला येईल ते करकचून बांधतात. कोकणातलं फुरसं आणि देशावरची घोणस यांचं विष रक्त गोठवणारी साखळी इतक्या वेगाने पेटवतं की गोठायला लागणारं फायब्रिनोजेन संपून जातं आणि मग रक्त गोठतच नाही. दवाखान्यात कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं की प्रतिविष द्यायचं. असं विष आणि उपाशी, आम्ल झालेला पाय एकत्र बांधून ठेवलेला, आणि मग दारातच कुणीतरी गाठ सोडली की दोन्ही एकदम अंगात. म्हणून आजचं वैद्यक सुश्रुतांच्या त्या सल्ल्याच्या विरुद्ध बाजूला आहे. बांधू नका, हातपाय हलवू न देता दवाखान्यात आणा. आणि आधीच बांधून आणलं असेल तर शिरेत सलाइन लागल्याशिवाय, प्रतिविष हाताशी असल्याशिवाय गाठ सोडू नका.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. सगळ्यांच्या मांडीला एकच तीनशेचा आकडा लावू नका. त्या पायाची नाडी किती दाबाला थांबते ते पाहून वर थोडीच जागा ठेवा. दोन तास ही हद्द आहे, लक्ष्य नव्हे. फुगवल्याची वेळ लिहिता तशीच सोडल्याची वेळही मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तिथून पुढे निदान अर्धा तास जखमेवर, ड्रेनवर, रक्तदाबावर कुणाचं तरी लक्ष राहील हे ठरवून ठेवा.

आणि पेशंटना: पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, घरात कुणाला झाली असेल, पिंडरी अलीकडे सुजली असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा सिकलसेल असेल, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा ते न विचारता सांगा.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
एक भूलतज्ज्ञ